आघाताचा वेग आणि पदार्थाचे बळ

संथ भार सोसणारा पदार्थ अकस्मात आघातही तसाच सोसेल, असे आपण गृहीत धरू शकत नाही. मृदू पोलाद वेगवान आघातात अधिक जोराने प्रतिकार करते; काही प्लास्टिके मात्र ठिसूळ होऊन तडकतात. हे मोजण्यासाठी हर्बर्ट कोल्स्की यांनी १९४९ मध्ये दोन लांब पोलादी दांड्यांमध्ये नमुना ठेवला. आज वायूच्या दाबाने सोडलेला तिसरा दांडा पहिल्यावर आदळवतात. पोलादातून सेकंदाला सुमारे ५,००० मीटर वेगाने तरंग धावतो. काही अंश नमुन्यापासून परततो, काही पलीकडे जातो. दांड्यांवरील मापक दोन्ही टिपतात. त्यांवरून नमुन्याने किती बळ सोसले, तो किती दबला, हे कळते. हेल्मेट घडवताना अशीच माहिती प्राणरक्षक ठरते. म्हणून वस्तूची मजबुती पारखताना आपण आघाताचा वेगही विचारात घ्यावा.