पांढरं नाव गुलाबी का होतं?

दहीहंडी जवळ आली की घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतल्या गोविंदा पथकांची टी-शर्ट छापून घेण्याची धांदल सुरू होते. कापड बहुधा पॉलिएस्टरचं, कारण ते भर पावसातही लवकर वाळतं. दमट हवेतून सुती धागा वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा शोषतो, पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का. पण लाल टी-शर्टवर पांढरंशुभ्र छापलेलं नाव चार दिवसांत गुलाबी पडतं आणि सगळे छापणाऱ्याला धरतात. खरा गुन्हेगार असतो कापडाचा रंग.

१९४१ मध्ये मँचेस्टरच्या व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी शोधलेला पॉलिएस्टरचा धागा पाण्याला आत शिरू देत नाही. म्हणून तो डिस्पर्स रंगांनी, दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअसला रंगवतात. त्या उष्णतेत धाग्यातल्या रेणूंच्या साखळ्या सैलावतात, रंगाचे बारीक रेणू आत घुसतात आणि कापड निवलं की तिथेच अडकतात. सुतावर रिअॅक्टिव्ह रंगाचा पक्का रासायनिक बंध जुळतो. इथे तसा बंध नसतो.

आता स्क्रीन प्रिंटिंग. जाळीतून स्क्वीजी या रबरी पट्टीने दाबलेली प्लास्टिसोल शाई म्हणजे पीव्हीसीचे कण आणि त्यांना मऊ करणारा द्रव. ती हवेवर सुकत नाही. तिचा अखंड थर जमायला साधारण १६० अंश लागतात. तेवढ्या उष्णतेत अडकलेला रंग सुटतो, थेट वाफ होऊन शाईत शिरतो आणि त्या द्रवात विरघळतो. गार झाल्यावरही हा प्रवास संथपणे चालू राहतो. त्यामुळे दुकानात पांढरं दिसलेलं नाव घरी गुलाबी होतं.

रंगाचा थेट वाफ होण्याचा हाच गुण सब्लिमेशन प्रिंटिंगमध्ये कामाला येतो. कागदावरचा रंग सुमारे २०० अंशांना वाफेच्या रूपात कापडात उतरवतात. मात्र या रंगांत पांढरा नसल्याने कापड पांढरं किंवा फिकटच लागतं.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाई पिकवणाऱ्या भट्टीचं तापमान नुसतं कमी करून भागत नाही. शाई कच्ची राहते आणि धुण्यात तडकते. त्यासाठी १३० अंशांच्या आसपास पिकणारी खास शाई मिळते. पांढऱ्याखाली कार्बन असलेल्या करड्या शाईचा थर दिला, तर तो सुटलेला रंग वाटेतच शोषतो. खर्च थोडा वाढतो, नाव पांढरं राहतं.

पथकांनी एवढं करावं: ऑर्डर आठवडाभर आधी द्यावी, त्याच ताग्यातल्या एका टी-शर्टवर नमुना छापून घ्यावा आणि तो चार-पाच दिवस पाहूनच बाकीच्यांना होकार द्यावा.