संसदेचे अभ्यासक आणि समित्यांचा जन्म

ब्रिटिश संसदेच्या कामकाजाचे नियम, प्रथा आणि दाखले एर्स्किन मे यांच्या 1844 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात संगतवार मांडलेले होते. तथापि त्या नियमांच्या चौकटीत प्रत्यक्ष काम कसे होते, मंत्र्यांना जाब कितपत विचारला जातो आणि सामान्य सदस्याच्या हाती खरोखर काय उरते, हे प्रश्न दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. विद्यापीठांतील प्राध्यापकांना आतले व्यवहार फारसे ठाऊक नव्हते, तर ज्यांना ते ठाऊक होते त्या सचिवालयातील अधिकाऱ्यांना पदाच्या मर्यादेमुळे जाहीर मतप्रदर्शन करता येत नव्हते. या दोन वर्गांना एकत्र बसवण्याच्या हेतूने 1964 मध्ये ‘स्टडी ऑफ पार्लमेंट ग्रुप’ हे अभ्यासमंडळ स्थापन झाले. राज्यशास्त्राचे प्राध्यापक बर्नार्ड क्रिक आणि कॉमन्सच्या सचिवालयातील मायकेल राईल हे त्याचे प्रमुख प्रवर्तक होत. विद्यमान खासदारांना मात्र मंडळाचे सभासदत्व मिळत नाही. हा नियम वरकरणी चमत्कारिक वाटला तरी मंडळाच्या टिकाऊपणाचे रहस्य बहुधा त्यातच असावे, कारण पक्षीय हेतूचा संशय आला असता तर अधिकारी तेथे फिरकलेही नसते.

क्रिक यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या ‘द रिफॉर्म ऑफ पार्लमेंट’ या पुस्तकात सरकारच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या संसदीय समित्यांचा जोरदार पुरस्कार केला होता. मंडळानेही कॉमन्सच्या कार्यपद्धती समितीपुढे, म्हणजे सभागृहाच्या कामकाजात सुधारणा सुचवणाऱ्या समितीपुढे, विशिष्ट विषयांना वाहिलेल्या समित्यांची मागणी मांडली. सार्वजनिक खर्चाचा हिशेब तपासणारी लोकलेखा समिती 1861 पासून अस्तित्वात होती. परंतु पैसा नियमानुसार खर्च झाला का, हे पाहणे वेगळे आणि मुळात ते धोरण योग्य होते का, हे विचारणे वेगळे. या दुसऱ्या प्रश्नाची मंत्र्यांना धास्ती वाटे.

ती धास्ती किती खोल होती, हे लवकरच दिसून आले. सभागृहनेते रिचर्ड क्रॉसमन यांनी 1966 च्या अखेरीस शेती आणि विज्ञान-तंत्रज्ञान या विषयांच्या दोन प्रायोगिक समित्यांची घोषणा केली. युरोपीय सामायिक बाजारपेठेतील प्रवेशाचा ब्रिटिश शेतीवर काय परिणाम होईल, हे तपासण्यासाठी शेती समितीने ब्रुसेल्सला जाण्याचे ठरवताच परराष्ट्र खात्याने हरकत घेतली. समितीच्या वाट्याला दीर्घायुष्य आले नाही; 1969 मध्ये ती गुंडाळली गेली. समितीने आपले काम मनावर घेतले, हाच तिचा दोष ठरला, असे म्हणावेसे वाटते.

पुढे 1979 मध्ये तेव्हाचे सभागृहनेते नॉर्मन सेंट जॉन-स्टीव्हास यांच्या पुढाकाराने प्रत्येक महत्त्वाच्या खात्याच्या कारभाराची छाननी करणाऱ्या कायमस्वरूपी समित्या नेमल्या गेल्या. या बदलाचे सगळे श्रेय मंडळाला देणे अतिशयोक्तीचे होईल, कारण पक्षोपक्षांतील मागच्या बाकांवरच्या, म्हणजे मंत्रिपद नसलेल्या, सदस्यांची अस्वस्थताही तितकीच कारणीभूत होती; पण ती अस्वस्थता कोणत्या रचनेत ओतायची, याचे आराखडे अभ्यासकांनी आधीच तयार ठेवले होते. नव्या समित्यांचे मूल्यमापनही मंडळानेच हाती घेतले आणि गॅव्हिन ड्र्यूरी यांच्या संपादनाखाली 1985 मध्ये ते ग्रंथरूपाने आले. समित्यांचे अध्यक्ष सभागृहाने गुप्त मतदानाने निवडण्याची पद्धत मात्र 2010 मध्ये आली. तोवर त्या नेमणुकांवर पक्षप्रतोदांचा, म्हणजे सदस्यांना पक्षशिस्तीत ठेवणाऱ्या पदाधिकाऱ्यांचा, मोठा वरचष्मा होता.

भारतात ‘इन्स्टिट्यूट ऑफ कॉन्स्टिट्यूशनल अँड पार्लमेंटरी स्टडीज’ ही संस्था दिल्लीत 1965 मध्ये स्थापन झाली, आणि विभागसंलग्न स्थायी समित्या 1993 मध्ये आल्या. त्यांची संख्या 17 होती, ती 2004 मध्ये 24 झाली. या समित्या खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या आणि त्यांच्याकडे पाठवलेली विधेयके तपासतात. लंडनमध्ये मंत्री समितीसमोर उघडपणे साक्ष देतात. दिल्लीत प्रामुख्याने खात्याचे सचिव येतात, बैठका बंद दाराआड होतात, आणि कामकाजाचा अभ्यास करू पाहणाऱ्याला मुख्यतः समितीच्या अहवालांवरच विसंबावे लागते.