वीरगळ कुणाचा उभा राहतो?

जुन्या शिवमंदिराच्या आवारात, वेशीपाशी किंवा शेताच्या बांधाला टेकून उभा असलेला कोरीव दगड दिसला, तर तो खालून वर वाचायचा. तळच्या चौकटीत आडवा पडलेला पुरुष आणि पुष्कळदा त्याच्याजवळ गायी. त्यावरच्या चौकटीत ढाल-तलवारीची चकमक. मग अप्सरा त्याला वर घेऊन निघाल्या आहेत, आणि सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. माथ्याला कलश आणि चंद्र-सूर्य. ते आहेत तोवर याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. कर्नाटकातल्या वीरगळांवर पुष्कळदा लेख असतो, त्यामुळे नाव-गाव कळतं. आपल्याकडच्या बहुतेकांवर अक्षरही नाही. लोक शेंदूर फासतात, नारळ फोडतात, आणि हळूहळू मेलेल्या माणसाचा देव होतो.

त्या दगडावर गायी असतात, कारण दावणीची गुरं हीच गावाची दौलत होती. ती पळवायला आलेल्यांशी लढून जो पडला, तो वीर. महाभारताच्या विराटपर्वातही युद्ध पेटतं ते गायी पळवण्यावरूनच. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगर-गवळ्यांच्या देवांचा माग काढताना या दगडांकडेही लक्ष वेधलं, ते याच धाग्यामुळे. समुद्रकाठी मात्र चित्र बदलतं. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या नौकांची लढाई आहे. ज्याचं रक्षण करायचं ते बदललं, की वीरही बदलतो. बदलत नाही ती तळची चौकट. तिथला माणूस मेलेलाच असतो. लढून, गायी सोडवून, संध्याकाळी घरी येऊन जेवायला बसलेल्याचा वीरगळ होत नाही.

यात गावाचा स्वार्थ आहे, आणि तो मला गैर वाटत नाही. दगड उभारतात मागे उरलेले. उद्या पुन्हा धाड आली तर कुणीतरी पुढे व्हायला हवं, आणि पुढे होणाऱ्याला घरच्यांची काळजी नको. म्हणून स्वर्गाच्या आश्वासनाला इथल्या व्यवहाराची जोड असे. कन्नड मुलखात वीराच्या घरच्यांना रक्ताची म्हणून जमीन मिळे. मराठी राज्यात लढाईत पडलेल्याच्या पोरांसाठी ‘बालपरवेशी’ लावून देत. अप्सरा शाहिराने सांगाव्यात, बालपरवेशी कारकुनाने लिहावी. मरणाची व्यवस्था अशी दोघांनी मिळून बघायची.

पण मराठ्यांचं राज्य ज्या युद्धरीतीवर उभं राहिलं, ती या दगडाच्या उलट जाणारी होती. गनिमी काव्यात पळणं हा डाग नाही, तो डाव आहे. शिवाजी महाराजांनी १६६५ साली पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले देऊन टाकले, पुढच्या वर्षी आग्र्याहून निसटले, आणि नंतर दिलेलं बरंचसं परत मिळवलं. शत्रूला पाठ दाखवू नये, हे ब्रीद त्यांनी अक्षरशः पाळलं असतं तर राज्याभिषेकापर्यंत गोष्ट पोचलीच नसती.

या दोन नीतींची टक्कर सगळ्यात उघडी पडते ती प्रतापराव गुजरांच्या बाबतीत. १६७३ साली उमराणीला त्यांनी विजापूरच्या बहलोलखानाला कोंडीत पकडलं, पाणी तोडलं, आणि खान काकुळतीला आल्यावर सोडून दिलं. शरण आलेल्याला अभय देणं हाही एक धर्मच होता. पण खान उलटला. महाराजांचा संताप त्यांच्या जिव्हारी लागला, आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीला, परंपरा सांगते त्याप्रमाणे, अवघ्या सहा स्वारांनिशी ते खानाच्या फौजेवर तुटून पडले. सगळे पडले. कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे ती दौड घरोघरी पोचली. ती ऐकताना अंगावर काटा येतो, माझ्याही येतो. तरी सरनौबताचं काम फौज राखणं आणि ती चालवणं हे होतं. सहा जणांनिशी मरणात उडी घेणं हे नव्हे. महाराजांना हवा होता बंदोबस्त, प्रतापरावांनी दिला प्राण. फौज पुढे हंबीरराव मोहित्यांनी सांभाळली, ती तेरा वर्षं. त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतं.

पानिपताने हे आणखी पक्कं केलं. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव आणि भाऊसाहेब पडले, ते वीर झाले. मल्हारराव होळकर रणातून निघून आले, आणि तो बोल त्यांना आजतागायत लागतो आहे. जखमी महादजी शिंद्यांना राणेखान नावाच्या भिश्त्याने वाचवून आणलं. महादजींनी त्याला भाऊ मानलं, सरदार केलं. दहा वर्षांनी दिल्लीत मराठ्यांचा दबदबा पुन्हा बसवणाऱ्यांत हेच महादजी होते. पाणी वाहणारा तो माणूस त्या दिवशी तिथे नसता, तर उत्तरेचा इतिहास निराळा झाला असता. आणि गंमत अशी, की पानिपताच्या वर्षभर आधी बुराडी घाटावर मारल्या गेलेल्या दत्ताजी शिंद्यांचं जे उत्तर आपण अभिमानाने सांगतो, ते जगलो तर पुन्हा लढू अशा अर्थाचं आहे. जगण्याविषयीचं वाक्यही आपल्याला ते बोलणारा मेला म्हणूनच प्रिय झालं.

बायकांचा मान तर याहून अरुंद दगडात बसवलेला. सतीच्या शिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एक हात असतो. बाकीची बाई नाहीच. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर तोफेचा गोळा लागून गेले, तेव्हा अहिल्याबाई सती निघाल्या होत्या. त्यांना अडवलं सासऱ्यांनी, म्हणजे पानिपतातून परत आल्याबद्दल पुढे बोल खाणाऱ्या याच मल्हाररावांनी. व्यर्थ मरण या माणसाला मानवतच नसावं. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ कारभार केला. घाट, विहिरी, धर्मशाळा, काशी विश्वनाथाचं देऊळ उभं केलं. त्या दिवशी चिता पेटली असती तर एक बांगड्यांचा हात तेवढा उरला असता.

कोरेगाव भीमाच्या स्तंभाकडे या रांगेतूनच पाहावं असं मला वाटतं. १ जानेवारी १८१८ च्या, पेशव्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईनंतर कंपनी सरकारने तो उभारला, आणि त्यावर मेलेल्या शिपायांची नावं कोरली. ४९ नावं, त्यांतली २२ ‘नाक’ने संपणारी, म्हणजे महारांची. गावच्या वीरगळावर नाव नव्हतं. गावकुसाबाहेरच्या माणसाला तर गावात साधं पाणी भरता येत नव्हतं. त्याचं नाव दगडावर पहिल्यांदा आलं ते परक्या सरकारच्या. पुढे त्याच सरकारने १८९०च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद केली. ती पुन्हा मागणाऱ्या अर्जांत पूर्वजांच्या पराक्रमाचा दाखला होता. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले, आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. पेशवाईच्या अभिमान्यांना तो खुपतो. पण ज्याला आपण कधी आपल्या दगडावर घेतलं नाही, त्याने कुणाचा दगड जवळ करावा हे सांगायचा अधिकार आपल्याला कुठून आला?

विसाव्या शतकात दगडाची जागा पदकाने घेतली. इटलीच्या आघाडीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये मशीनगनवर एकट्याने चालून गेले आणि पडले. नामदेव जाधवांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांना गोळीबारातून, खोल पाण्यातून उचलून आणलं, मग परत जाऊन शत्रूची ठाणी गप्प केली. ते जिवंत राहिले. कागदावर पदक एकच, पण माणगावात पुतळा आहे तो घाडग्यांचा. जाधवांचं नाव किती जणांना ठाऊक आहे, ते आपल्याच ओळखीत विचारून पाहावं.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात, पोलीस तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर हल्लेखोर कसाबच्या बंदुकीची नळी घट्ट धरून ठेवली. ते गेले, कसाब जिवंत हाती लागला. त्यांना अशोकचक्र मिळालं, पुतळा झाला, आणि त्यात काही कमी-जास्त म्हणण्यासारखं नाही. त्याच रात्री कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डाचे जड दरवाजे लावले आणि वीस गरोदर बायकांना एका कोपऱ्यातल्या लहानशा खोलीत नेऊन बसवलं. त्यांतल्या एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला भिंतीच्या आधाराने प्रसूतिगृहापर्यंत पोचवलं. पुढे त्यांनी कसाबला ओळखून साक्ष दिली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्या रात्रीची हकिगत सांगितली. दरवाजा लावणारी बाई पोवाड्यात कशी बसवायची, हे आपल्या शाहिरांना अजून सुचायचं आहे.