स्त्रीची रोजची प्रार्थना
(द्वितीय वर्ष, कला)

कोकणात तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ म्हणजेच आमचा बेने इस्राएल समाज. आमची मायबोली मराठी, धर्म यहुदी आणि प्रार्थनेची भाषा हिब्रू. गेल्या वर्षी मी रोज प्रार्थना करू लागले, तेव्हा घरातूनच प्रश्न आला, “हे पुरुषांचं काम, तुला कशाला?” त्याचे उत्तर शोधताना जे समजले, ते येथे मांडते.

पुरुषांना दिवसातून तीन प्रार्थना नेमून दिलेल्या आहेत. सकाळी, दुपारी आणि रात्री. सामुदायिक प्रार्थनेसाठी परंपरेने दहा पुरुष लागतात. १९४८ नंतर आमचे बहुतेक लोक इस्राएलला गेले. त्यामुळे गावोगावी दहाजण जमणेही कठीण झाले. स्त्रीने शुक्रवारी सायंकाळी शब्बाथचा दिवा लावला की तिचे कर्तव्य संपले, असे आमच्याकडे पुष्कळांना वाटते.

धर्मग्रंथ मात्र तसे म्हणत नाहीत. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ ग्रंथात स्त्रियांना ठरावीक वेळी ‘शेमा’ म्हणण्यातून सूट आहे. पण प्रार्थनेतून सूट नाही. बाराव्या शतकातील थोर पंडित मायमोनिडीस यांच्या मते, रोज प्रार्थना करावी ही मूळ आज्ञा आहे. तिची वेळ, संख्या किंवा शब्द मूळ धर्मशास्त्राने ठरवलेले नाहीत. आधी देवाची स्तुती, मग मागणे, शेवटी आभार, एवढाच क्रम. वेळेचे बंधन नसल्यामुळे ही आज्ञा स्त्रियांनाही लागू होते. काही पंडित याहून पुढे जाऊन सांगतात, की स्त्रीनेही सकाळची व दुपारची नेमलेली प्रार्थना करावी.

मग सुरुवात कोठून करावी? जाग येताच ‘मोदा अनी’ म्हणावे. रात्री सोपवलेला आत्मा परत दिल्याबद्दल देवाचे ते आभार आहेत. पुरुष ‘मोदे’ म्हणतो, स्त्री ‘मोदा’. आपल्या ‘मानतो’ आणि ‘मानते’ यांसारखेच! त्यात देवाचे नाव येत नाही, म्हणून हात धुण्यापूर्वीही ते म्हणता येते. नंतर हात धुऊन, उजव्या हाताने डोळे झाकून शेमाची पहिली ओळ म्हणावी. सूट असली तरी मनाई नाही. आमचे पूर्वज बाकी हिब्रू विसरले, तरी शेमा त्यांच्या मुखी राहिला, असे परंपरा सांगते. मग यरुशलेमकडे, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला, तोंड करून उभे राहावे आणि हळू आवाजात प्रार्थना करावी.

हिब्रू येत नसेल तर? शेमा आणि प्रार्थना कोणत्याही भाषेत म्हणता येतात, असे मिश्नाच सांगते. वल्हांडण सणाचे पुस्तक १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापले गेले, ते आपल्या लोकांना अर्थ कळावा म्हणूनच. मी आज मराठीतून प्रार्थना करते आणि रोज थोडी हिब्रू अक्षरे गिरवते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट हन्नेची. मूल व्हावे म्हणून ती मंदिरात प्रार्थना करीत होती. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. एली याजकाला वाटले, ही दारू प्यायली आहे! पुढे धर्मपंडितांनी प्रार्थना कशी करावी याचे नियम तिच्यावरूनच ठरवले. आज पुरुष ओठांतल्या ओठांत प्रार्थना करतात, ती रीत एका स्त्रीची आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आजीला अक्षरओळख नव्हती; तिला हे कोणी सांगितले नाही. मला वाचता येते. म्हणून माझ्या समाजातील भगिनींना विनंती, की दिवा तर लावाच. पण रोज दोन शब्द स्वतःच्या तोंडाने देवाशी बोला. तो आपलाही अधिकार आहे आणि कर्तव्यही.