वरच्या ओळीतलं बारीक अक्षर

चौरस काही बंद होईना, तेव्हा पोरांनी आधी टेपला दोष दिला, मग कंपासला, मग मैदानाकडेच्या लोखंडी कुंपणाला. लोखंडाजवळ कंपासची सुई बहकते, हे मीच त्यांना शिकवलेलं. पॉलिटेक्निकमध्ये सर्व्हे शिकवण्यात माझी उमर गेली, त्यामुळे हा आरोप मलाही पटण्यासारखा होता.

काम साधं होतं. पन्नास मीटरच्या चार बाजू, बेअरिंगं ३०, १२०, २१० आणि ३०० अंशांच्या आसपास. लांबी गुणिले कोसाईन म्हणजे उत्तर-दक्षिण अंतर, लांबी गुणिले साईन म्हणजे पूर्व-पश्चिम. चारही बाजूंच्या बेरजा शून्याजवळ यायला हव्यात, कारण जिथून निघालो तिथंच आपण परत येतो. यांच्या कागदावर मात्र सुमारे २४ मीटरची फट! एवढी चूक कुंपण करत नाही.

“अरे, साईन ३० काढून दाखव बघू,” मी म्हणाले. ०.५ यायला हवं होतं. आलं ०.४५४०. पडद्यावर वरच्या ओळीत बारीकसा ‘जी’ होता.

कॅल्क्युलेटर कोन तीन मापांत समजून घेतो: डी म्हणजे डिग्री, आर म्हणजे रेडियन, जी म्हणजे ग्रॅडियन. हे तिसरं अपत्य फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातलं. मीटरबरोबर काटकोनाचेही दशमान भाग करावेत म्हणून त्याचे ९० ऐवजी १०० भाग केले. म्हणजे ३० ग्रॅड हे आपले २७ अंश. आपल्याकडे त्याचा काडीचा उपयोग नाही, पण तीन मापं एकाच यादीत शेजारी बसलेली असल्याने बोट तिथं सहज पडतं. आमच्या मुलांकडच्या कॅसिओ एफएक्स-९९१ईएसवर शिफ्ट, मोड आणि ३ दाबलं की डिग्री, ४ ला रेडियन, ५ ला ग्रॅड.

रेडियनची चूक त्या मानाने प्रामाणिक. साईन ३० चं उत्तर उणे ०.९८८ येतं आणि ईशान्येकडे जाणारी रेघ पश्चिमेला वळते, कुणाच्याही डोळ्यांत खुपावी अशी. ग्रॅडचं उत्तर खऱ्याच्या इतकं जवळ असतं की संशयच येत नाही.

मग रेडियन लावायचं कधी? इलेक्ट्रिकलच्या मुलांना मी घरातल्या विजेचं उदाहरण द्यायचे: ३२५ साईन ३१४टी. हे ३१४ म्हणजे दोन पाय गुणिले ५० हर्ट्झ, सेकंदाला इतके रेडियन. टी म्हणजे वेळ; तो ०.००२ सेकंद धरला तर रेडियनमध्ये सुमारे १९१ व्होल्ट येतात, डिग्रीत जेमतेम साडेतीन. कोनात पाय दिसला, तो वेळेशी गुणलेला असला किंवा डेरिव्हेटिव्ह काढायचं असलं, की आर. कंपास-थिओडोलाइटवर वाचलेला कोन असेल तर डी. आणि ३० अंश ४५ मिनिटं म्हणजे ३०.४५ नव्हे, ३०.७५. त्यासाठी अंश-मिनिटांचं वेगळं बटण आहे, ते वापरा. ही चूक मी ग्रॅडपेक्षा जास्त वेळा तपासली आहे.

बाकीच्या मोडांचं थोडक्यात. एकच अंतर पाच वेळा मोजलं तर स्टॅट मोड उत्तम. पण त्यात सिग्मा, म्हणजे प्रमाण विचलन, दोन असतात, आणि मोजक्या मापांवरून अंदाज बांधताना एन वजा एकचा घ्यावा. बेस-एन मोड बायनरीसाठी आहे, त्यात अपूर्णांक सरळ कापला जातो. मागच्या तासाला तो लावून ठेवलेल्या पोराला सात भागिले दोनचं उत्तर तीन आलं होतं, आणि तो ते वहीत उतरवूनही मोकळा झाला होता! समीकरणं सोडवणारा मोड मी फक्त ताळा पाहायला वापरू देत असे, कारण पायऱ्यांचे गुण यंत्र मिळवून देत नाही.

कॅल्क्युलेटर मागून आणलेला असेल तर शिफ्ट, ९, ३, बरोबर आणि एसी दाबावं. सगळं मूळ जागी येतं, मात्र मेमरीही पुसली जाते. ज्याचा आहे त्याला आधी विचारावं.

त्या मुलांनी मोड बदलून तेच आकडे पुन्हा मांडले, तेव्हा फट २० सेंटिमीटरवर आली. तेवढी मात्र कंपासचीच.