मेटल बँडचा ‘बेस्ट ऑफ’ अल्बम विकत घ्यावा का? आयर्न मेडनच्या एका सीडीवरून समजून घ्या

संध्याकाळी सीताबर्डीच्या मेन रोडवर चक्कर मारली की काळ्या टी-शर्टचे ढीग दिसतातच. एकावर मेटालिकाचं नाव, दुसऱ्यावर आयर्न मेडनचा तो सांगाड्यासारखा एडी. घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी त्या बँडची एक-दोनच गाणी ऐकलेली असतात, तीही रीलमध्ये. त्यात गैर काहीच नाही. सुरुवात सगळ्यांची अशीच कुठून तरी होते.

पण गाणं डोक्यात बसलं की पुढचा प्रश्न येतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जुना बँड, डझनावारी अल्बम, मग सुरुवात करायची कुठून? अशा वेळी ऑनलाइन दुकानात एक सीडी समोर येते. नाव ‘बेस्ट ऑफ’ किंवा ‘ग्रेटेस्ट हिट्स’. सगळी गाजलेली गाणी एकाच ठिकाणी.

टी-शर्ट बर्डीवर घासाघीस करून घेता येतो. परदेशातून आलेल्या सीडीत ती सोय नाही, आणि सील फोडल्यावर आवडली नाही म्हणून ती कोणी परतही घेत नाही. म्हणून पैसे घालण्याआधी थोडा हिशेब करायला हवा.

मुळात ‘बेस्ट ऑफ’ निघतात कशासाठी?

साधं कारण म्हणजे हा माल कंपनीला स्वस्तात पडतो. गाणी आधीच रेकॉर्ड झालेली असतात. स्टुडिओचा खर्च नाही, गाणं चालेल की नाही ही धाकधूक नाही. नवीन कव्हर छापलं की अल्बम तयार.

त्यामुळे ‘बेस्ट’ हा शब्द प्रत्येक वेळी बँडने ठरवलेला असेलच असं नाही. ब्रिटनच्या ज्युडास प्रीस्टचं उदाहरण घ्या. त्यांचे पहिले दोन अल्बम गल रेकॉर्ड्स नावाच्या छोट्या कंपनीने काढले, १९७४ आणि १९७६ मध्ये. मग बँड मोठ्या कंपनीत गेला. जुन्या गाण्यांचे हक्क मात्र गलकडेच राहिले आणि १९७८ मध्ये गलने ‘द बेस्ट ऑफ ज्युडास प्रीस्ट’ बाजारात आणला.

त्यात गाणी कुठली? गलकडे होती ती, म्हणजे सुरुवातीच्या काळातली. बँडला जगभर नाव मिळवून देणारा ‘ब्रिटिश स्टील’ तर १९८० मध्ये आला. आज कोणी फक्त नाव वाचून तो १९७८ चा ‘बेस्ट ऑफ’ घेतला, तर त्यात ‘ब्रेकिंग द लॉ’ सापडणार नाही. ते गाणं तेव्हा जन्मालाच आलं नव्हतं.

उलट प्रकारही आहे. मोटरहेडने १९८४ च्या ‘नो रिमॉर्स’ या संकलनात जुन्या गाण्यांबरोबर चार नवीन गाणी दिली. त्यातलं ‘किल्ड बाय डेथ’ पुढे बँडच्या ओळखीच्या गाण्यांपैकी एक झालं. आणि मेटालिकासारख्या प्रचंड खपाच्या बँडने तर स्टुडिओतल्या गाण्यांचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ अल्बम काढलेलाच नाही.

मुंबईत सुरू झालेला दौरा आणि त्याची सीडी

आपल्याकडच्या मेटलप्रेमींना जवळचं वाटेल असं उदाहरण आयर्न मेडनचं आहे.

१ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर आयर्न मेडनचा कार्यक्रम झाला. ‘समवेअर बॅक इन टाइम’ या जागतिक दौऱ्याचा हा पहिलाच प्रयोग. बँड, माणसं आणि सामान स्वतःच्या बोइंग ७५७ विमानातून आलं. त्या विमानाचं नाव ‘एड फोर्स वन’ आणि पायलटच्या खुर्चीत होता बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन. २००९ मध्ये आलेल्या ‘फ्लाइट ६६६’ या माहितीपटात हा मुंबईचा मुक्काम आहे.

या दौऱ्याची कल्पनाच ऐंशीच्या दशकातली गाणी पुन्हा वाजवायची अशी होती. मुंबईच्या कार्यक्रमानंतर तीन-साडेतीन महिन्यांनी, मे २००८ मध्ये, त्याच नावाचं संकलन बाजारात आलं. त्यात १९८० ते १९८९ मधली निवडक गाणी होती आणि बँडकडे नव्याने वळलेल्या तरुण श्रोत्यांना जुनी गाणी कळावीत हा हेतू होता.

म्हणजे ही सीडी बरोबर त्या बर्डीवरच्या टी-शर्टवाल्या पोरासाठी काढलेली. मग ती घ्यावी का? आत काय आहे ते बघू.

पंधरा ट्रॅकचा हिशेब

सीडीवर १५ ट्रॅक आहेत. त्यातला पहिला म्हणजे विन्स्टन चर्चिलच्या भाषणाचा तुकडा. उरली १४ गाणी. ऐंशीच्या दशकात बँडचे सात स्टुडिओ अल्बम आले. त्यांत या १४ गाण्यांची वाटणी अशी:

- ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ (१९८२): ४ गाणी
- ‘पॉवरस्लेव्ह’ (१९८४): ३ गाणी
- ‘आयर्न मेडन’ (१९८०): २ गाणी
- ‘सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन’ (१९८८): २ गाणी
- ‘किलर्स’ (१९८१), ‘पीस ऑफ माइंड’ (१९८३) आणि ‘समवेअर इन टाइम’ (१९८६): प्रत्येकी १

यात गंमत पहिल्या ओळीत आहे. ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ मूळ एलपीवर आठच गाणी होती. त्यातली चार, म्हणजे अर्धा अल्बम, या संकलनात आला. ही सीडी आवडली तर पुढची पायरी म्हणून बहुतेक जण तोच अल्बम घेणार. म्हणजे चार गाण्यांचे पैसे दोनदा.

दुसरी गोष्ट म्हणजे काय सुटलं? ‘राइम ऑफ दी एन्शंट मॅरिनर’ हे तेरा मिनिटांहून मोठं गाणं मुंबईत वाजलं होतं. संकलनात ते नाही. ‘हेवन कॅन वेट’, ‘रेव्हलेशन्स’, ‘मूनचाइल्ड’ ही दौऱ्यातली गाणीही नाहीत. एका सीडीत साधारण ८० मिनिटं बसतात. तेरा मिनिटांचं एक गाणं घेतलं तर तीन छोटी गाणी कापावी लागतात. त्यामुळे लांब गाणी मागे पडतात. मेटलमध्ये मात्र बँडचं सगळ्यात चांगलं काम बऱ्याचदा याच लांब गाण्यांत असतं.

गाणं तेच, पण आवाज कोणाचा?

कव्हरवर ठळक न दिसणारी बाब म्हणजे गाण्याचं रेकॉर्डिंग नेमकं कुठलं आहे.

आयर्न मेडनचे पहिले दोन अल्बम गायले होते पॉल डिॲनोने. डिकिन्सन १९८१ मध्ये आला. या संकलनात त्या दोन अल्बममधली ‘फँटम ऑफ दी ऑपेरा’, ‘रॅथचाइल्ड’ आणि ‘आयर्न मेडन’ ही तीन गाणी आहेत, पण डिकिन्सनच्या आवाजात. ती १९८५ च्या ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ या कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगमधून उचलली आहेत. म्हणजे १९८० ते १९८९ चं ‘बेस्ट ऑफ’ ऐकूनही पहिल्या दोन अल्बमच्या गायकाचा आवाज एकदाही कानावर पडत नाही. डिॲनोचं ऑक्टोबर २०२४ मध्ये निधन झालं.

कॅसेटच्या जमान्यातल्या लोकांना हा अनुभव नवा नाही. ऐंशीच्या दशकात जुन्या हिंदी गाण्यांच्या ‘व्हर्जन’ कॅसेट धडाधड खपत होत्या. कव्हरवर ओळखीच्या सिनेमांची नावं, घरी येऊन टेपमध्ये घातली की आवाज भलत्याच गायकाचा. आयर्न मेडनच्या बाबतीत निदान बँड तोच आहे आणि ते लाइव्ह रेकॉर्डिंगही दणदणीत आहे. पण मूळ गाणं हवं असणाऱ्याची फसगत होऊ शकते. म्हणून गाण्याच्या नावापुढे ‘लाइव्ह’ किंवा ‘री-रेकॉर्डेड’ लिहिलंय का, हे आधी बघावं.

मोबाइलवर सगळं असताना सीडी कशाला?

संकलनाचं मुख्य काम होतं ओळख करून देणं. एक अल्बम घ्यायलाही महिनाभर पैसे साठवावे लागत, तेव्हा सात अल्बमची चव एका सीडीत मिळणं ही मोठी सोय होती. आज ही १४ गाणी स्ट्रीमिंगवर ऐकता येतात, त्यामुळे फक्त ओळख करून घ्यायला पैसे घालायची गरज उरलेली नाही.

सीडीची म्हणून जी बाजू आहे ती वेगळी. कंपनीचा करार संपला की ॲपवरून गाणी गायब होऊ शकतात, कपाटातली सीडी कुठे जात नाही. पुस्तिका असते, चित्रं असतात. पण नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो. घरात किंवा गाडीत प्लेअर नसेल, तर सीडीबरोबर त्याचाही खर्च धरावा लागतो.

मग घ्यावं की नाही?

- बँड नुकताच कळला असेल तर नको. संकलनाची यादी बघा, गाणी मोबाइलवर ऐका.
- बँडचे दोन-तीन अल्बम आधीच घरात असतील तरीही नको. निम्मी गाणी तुमच्याकडे असण्याची शक्यता जास्त.
- जुन्या गाडीत सीडी प्लेअर असेल, लांबच्या प्रवासाला एकच सीडी हवी असेल किंवा मेटलप्रेमी मित्राला भेट द्यायची असेल तर जरूर घ्या.
- त्यात दुसरीकडे सहज न मिळणारं काही असेल तर विचार करा. मोटरहेडच्या ‘नो रिमॉर्स’मध्ये चार नवीन गाणी होती, आयर्न मेडनच्या १९९६ च्या ‘बेस्ट ऑफ द बीस्ट’मध्ये ‘व्हायरस’ हे नवीन गाणं होतं.

आणि ज्याला एकाच सीडीपुरते पैसे आहेत, त्याच्यासाठी सोपा मार्ग आहे. ‘समवेअर बॅक इन टाइम’ची चौदा गाणी क्रमाने ऐकायची. जे गाणं दुसऱ्यांदा ऐकावंसं वाटेल त्यावर खूण करायची आणि ते मूळ कुठल्या अल्बममधलं आहे ते वरच्या यादीच्या मदतीने शोधायचं. आठवडाभरात ज्या अल्बमच्या नावावर जास्त खुणा पडतील, तो अख्खा अल्बम विकत घ्यायचा.