मासे जास्त मिळाले म्हणजे मासे वाढले का?

समजा, अमेरिकेतल्या ऑरेगॉनच्या समुद्रात गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींना यंदा दर फेरीला भरपूर अल्बाकोर ट्यूना मिळाले. म्हणजे ट्यूना वाढले? थांबा!

उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे तिथे किनाऱ्यालगत खोलचं गार पाणी वर येतं. याला अपवेलिंग म्हणतात. अल्बाकोर मिळतात त्यापलीकडच्या, साधारण १५ अंश सेल्सिअसहून उबदार, निळ्या पाण्यात. उपग्रहाचे तापमान-नकाशे बघून बोटी थेट तिथेच जातात. त्यामुळे एकूण मासे घटले, तरी फेरीमागचा आकडा चांगलाच दिसू शकतो. त्यावरून मासेमारीची मर्यादा ठरवली, तर चूक माशांच्या जिवावर बेतेल.

म्हणून डेटा हातात आला की आलेख काढण्याआधी विचारा: हे कुणी मोजलं, कुठे, आणि तिथेच का?